मनगट आणि खुबाच का मोडतो?

पावसाने अंगणात आणि चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरले की गोव्यात हाडांच्या डॉक्टरांपुढे दोन प्रकारची माणसे दिसू लागतात. पन्नाशी-साठीतली बाई घसरताना हात टेकते आणि मनगट मोडून घेते. सत्तरीपुढची कुशीवर पडते आणि खुबा मोडतो. वय झाले, हाडे ठिसूळ झाली, हे कारण खरे असले तरी अर्धेच. मांडीच्या हाडाचा मधला दांडा का नाही मोडला?

लांब हाडाचा दांडा म्हणजे घट्ट हाडाची जाड नळी. टोकांकडे ही भिंत पातळ होत जाते आणि आत जाळीदार हाड असते. त्यातली एकेक काडी एक-दोन दशांश मिलिमीटर जाडीची असते. सांगाड्याच्या वजनात घट्ट हाडाचा वाटा सुमारे 80 टक्के, जाळीचा 20. मात्र रक्त आणि मज्जेला भिडणारा पृष्ठभाग जाळीचा कितीतरी जास्त, आणि हाडाची झीज-भर पृष्ठभागावरच होते.

ही झीज-भर जन्मभर चालते. ऑस्टिओक्लास्ट पेशी आम्ल सोडून दोन ते चार आठवड्यांत एक खड्डा खोदतात. ऑस्टिओब्लास्ट तो भरायला तीन-चार महिने घेतात. प्रौढाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा नवा होतो. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटते, खोदणाऱ्या पेशी जास्त दिवस जगतात, खड्डे खोल जातात. पातळ काडी आरपार तुटली की नवे हाड रचायला आधारच उरत नाही, म्हणून ती काडी कायमची जाते. मनगटाजवळचे टोक, खुब्याची मान आणि मणके ही जाळीची ठिकाणे आधी खिळखिळी होतात, ती त्यामुळे.

हाड कशाचे बनते ते स्वयंपाकघरातही पाहता येते. कोंबडीच्या तंगडीचे हाड खरवडून साफ करा आणि माडाच्या सुरेच्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. दर दोन दिवसांनी व्हिनेगर बदला. बारीक बुडबुडे येतील. आठवडाभरात हाडाचा आकार तोच, पण ते बोटांनी वाकेल: कॅल्शियमचे क्षार विरघळले, कोलॅजेन हे प्रथिन मागे राहिले. दुसरे हाड निखाऱ्यात पांढरे होईपर्यंत भाजा, ते चिमटीत चुरते, कारण प्रथिन जळून फक्त क्षार उरले. दाब क्षार पेलतात. ताण आणि हिसका कोलॅजेन सोसते. नुसते कॅल्शियम गिळून, जेवणात प्रथिने तुटपुंजी ठेवून भागत नाही, ते याचसाठी.

शरीरातल्या सुमारे एक किलो कॅल्शियमपैकी 99 टक्के हाडांत असते. रक्तात मात्र दर 100 मिलिलिटरला 8.5 ते 10.5 मिलिग्रॅम एवढेच, आणि ते तसेच राखावे लागते, नाहीतर स्नायू आणि हृदय बिघडतात. ते उतरू लागले की मानेतल्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून उचल करतात. त्यामुळे रक्ताच्या रिपोर्टात कॅल्शियम व्यवस्थित दिसले म्हणजे हाडे ठणठणीत, असा निष्कर्ष काढणे चूक. हाडांची घनता डेक्सा तपासणीत कळते. तरुण निरोगी हाडांच्या सरासरीशी तुलना करणारा आकडा म्हणजे टी-स्कोअर. तो उणे 2.5 किंवा त्याखाली गेला तर तो ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा आजार.

प्रौढाला रोज 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, पाळी गेलेल्या बाईला 1200. नाचणीच्या 100 ग्रॅम पिठात साधारण 350 असते. 30 ग्रॅमचे तिजण (नाचणीची गोव्याकडची पेज) केले तर शंभरेक मिळाले. पाव लिटर दुधात 300 च्या आसपास. पेडवे किंवा छोटे तारले काट्यासकट चावून खाल्ले तर चांगली भर पडते. बांगड्याचा काटा ताटात राहिला तर कॅल्शियमही ताटातच राहिले, पण मांसातले ड जीवनसत्त्व मिळते, तेही थोडके नाही. पालकातले कॅल्शियम ऑक्झॅलेटने बांधलेले, आतड्याला फारसे मिळत नाही. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्यावी, एका वेळी 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि लोहाच्या गोळीशी दोन तासांचे अंतर ठेवावे.

पडल्यावर मनगट वाकडे दिसत नाही म्हणून तेल चोळत बसणे तरुणांना महागात पडते. अंगठा ताणल्यावर त्याच्या बुडाशी खळगा दिसतो. तिथे दाबून दुखले तर स्कॅफॉइड हे छोटे हाड मोडलेले असू शकते. पहिल्या एक्स-रेत ते अनेकदा दिसत नाही. या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकातून शिरते आणि मागे जाते, म्हणून मधोमध तुटले की मनगटाकडचा तुकडा उपाशी पडून मरू शकतो. अशा वेळी एक्स-रे स्वच्छ असला तरी हात आधारात ठेवून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात.