मोहरीचे चारशे डबे

दिवाळीच्या सुट्टीत भाच्याने नवा कॉम्प्युटर जुळवला. बहुतेक पैसे ग्राफिक्स कार्डानेच गिळले, त्यामुळे माहिती चिपमध्ये साठवणारी एसएसडी ५०० जीबीवर भागवावी लागली. हल्लीचा मोठा गेम शंभर-सव्वाशे जीबी सहज खातो. विंडोज आणि तीन गेम टाकले की दुकान बंद. मग त्याची नजर माझ्या माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरकडे वळली. त्यात २०१३ साली घेतलेली एक टेराबाइटची हार्ड डिस्क होती.

"मामा, ही लावली तर चालेल का?"

चालेल म्हटलं. बारा वर्षांपूर्वीची वस्तू नव्या मदरबोर्डला जोडता येते, हेच मुळात नवल. साटा पद्धतीची जोडणी २००३च्या सुमारास बाजारात आली आणि तिचं तोंड अजून बदललेलं नाही. तुमच्याकडची डिस्क त्याआधीची, चाळीस पिनांच्या रुंद पट्टीवाली असेल तर मात्र नव्या मदरबोर्डवर तिला जागाच सापडणार नाही.

जोडता येणं आणि गेमसाठी उपयोगी पडणं यांत मात्र अंतर आहे. ते समजायला डिस्कच्या आत डोकवावं लागतं.

आत धातूच्या किंवा काचेच्या, आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. आमची डिस्क मिनिटाला ७२०० फेऱ्यांची, म्हणजे सेकंदाला १२०. तबकडीचा व्यास साधारण साडेनऊ सेंटिमीटर धरला तर तिची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर पळते. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर चलान येईल इतका हा वेग. या कडेवरून वाचणारं डोकं काही नॅनोमीटर उंचीवर, हवेच्या पातळ थरावर तरंगत असतं. माणसाचा केस ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो, यावरून अंदाज करा.

एवढा वेग असून डिस्क मंद का? कारण तो वेग तबकडीचा आहे, डोक्याचा नाही. डोकं एका दांडीच्या टोकाला बसवलेलं असतं. हवी ती माहिती जिथे आहे त्या वर्तुळावर दांडी आधी सरकते, त्याला सरासरी आठ-नऊ मिलिसेकंद लागतात. मग तो नेमका तुकडा फिरत फिरत डोक्याखाली येईपर्यंत थांबायचं. सरासरी अर्धी फेरी, म्हणजे आणखी चारेक मिलिसेकंद. एकूण साडेबारा. सेकंदाला फार तर ऐंशी वेळा ही दांडी काहीतरी शोधून आणू शकते.

आता हिशेब मांडू. गेममधल्या एका रस्त्याचं दृश्य उभं करायला १०० एमबी माहिती हवी आहे. ती सलग एका ओळीत लिहिलेली असेल तर सेकंदाला १५० एमबी वाचणारी डिस्क पाऊण सेकंदाच्या आत काम उरकते. तीच माहिती ६४ केबीच्या तुकड्यांत डिस्कभर विखुरली असेल तर तुकडे होतात १६००, आणि १६०० गुणिले साडेबारा मिलिसेकंद म्हणजे वीस सेकंद. डिस्क तीच आणि माहितीही तेवढीच! एसएसडीत हलणारं काही नसतं. तिथे एक तुकडा शोधायला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा धरला तरी १६०० तुकड्यांचं काम सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात होतं.

आपल्या स्वयंपाकघरात हा प्रश्न कधीच सुटलेला आहे. मोहरीचा मोठा डबा फडताळात वर, जिऱ्याचा त्याच्या मागे, हळदीचा तिसरीकडे. तेल तापल्यावर एकेक डबा शोधत बसलं तर फोडणी जळणार. म्हणून मिसळणाचा डबा. त्यात मोहरी, जिरं, हळद, हिंग, सगळं थोडं थोडं एका जागी. मोहरी मग घरात दोन ठिकाणी असते आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही.

गेम बनवणाऱ्यांनी अगदी हेच केलं, फक्त प्रमाण सोडून. सोनीच्या प्लेस्टेशन ५ या गेम खेळायच्या यंत्राचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२०मध्ये या यंत्राची रचना समजावून सांगताना स्पायडरमॅनच्या गेमचं उदाहरण दिलं होतं. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर टपालपेट्या असतात. दर वेळी दांडीने टपालपेटीच्या शोधात दूर जाऊ नये म्हणून शहराच्या प्रत्येक भागाच्या माहितीच्या गठ्ठ्यात टपालपेटी पुन्हा ठेवायची. असे काही तुकडे डिस्कवर चारशे वेळा लिहिलेले होते. मोहरीचे चारशे डबे. गेम फुगतो, पण नायक इमारतींवरून झेपा घेत असताना रस्ता वेळेवर उभा राहतो. मला ही युक्ती ऐकल्यापासून आवडते. दांडीला वेगाने धावायला लावता येत नाही ना, मग तिला धावावंच लागू नये अशी सोय करा.

पण या डब्यांचं भाडं कोण भरणार? हेलडायव्हर्स २ हा गेम कॉम्प्युटरवर १५४ जीबी जागा घ्यायचा. तो बनवणाऱ्या ॲरोहेड या स्वीडिश स्टुडिओने २०२५च्या अखेरीस सांगितलं की यातला बराचसा भाग हार्ड डिस्कवाल्यांसाठी ठेवलेल्या प्रतींचा आहे. असे खेळाडू त्यांच्या अंदाजाने ११ टक्क्यांच्या घरात होते. प्रती काढल्या तर त्यांना गेम उघडायला कित्येक पट वेळ लागेल, ही भीती. प्रत्यक्षात प्रती काढून पाहिल्या, गेम १५४ जीबीवरून सुमारे २३ जीबीवर आला आणि हार्ड डिस्कवाल्यांचा वेळ वाढला तो काही सेकंदच. कारण त्या गेममध्ये खरा वेळ रणांगण नव्याने रचण्यात जात होता आणि डिस्कचं वाचन त्याच वेळी शेजारी चालू असायचं. फोडणी कढईमुळे अडली होती आणि आपण डबे वाढवत बसलो होतो.

बाकीच्यांनी मात्र हार्ड डिस्कचा नाद सोडायला सुरुवात केली आहे. सप्टेंबर २०२३ हा एकच महिना पाहा. स्टारफील्ड हा गेम आला तो एसएसडीची अट घेऊनच, आणि सायबरपंक २०७७च्या २.० आवृत्तीबरोबर त्याच्याही किमान गरजांच्या यादीत एसएसडी आली. अशा गेममध्ये जुनी डिस्क काय करते ते भाच्याने पाहिलं. गाडी जोरात पळवली की समोरच्या भिंती चिखलासारख्या पुसट, पाट्यांवरची अक्षरं मागाहून उगवणार, मधेच अर्धा सेकंद चित्र गोठणार. ग्राफिक्स कार्डाचा त्यात दोष नाही. सेकंदाला किती चित्रं दिसायची हे कार्ड आणि प्रोसेसर ठरवतात. डिस्क फक्त सामान पुरवते, पण सामानच आलं नाही तर आचारी काय करणार?

उलट ज्या गेमचा नकाशा सुरुवातीला एकदाच मेमरीत चढतो, त्यांना जुनी डिस्क पुरते. फुटबॉल, बुद्धिबळाच्या जातीचे पाळीपाळीने खेळायचे गेम, दहा-बारा वर्षांपूर्वीचे बहुतेक सगळे. सुरू होताना चहा टाकून यावं लागेल, नंतर त्रास नाही. विंडोज मात्र जुन्या डिस्कवर अजिबात नको. ती दिवसभर बारीकसारीक फायली उचलत असते, म्हणजे दांडीला नेमकं जे जमत नाही तेच काम.

बसवण्याआधी मी डिस्कची तब्येत पाहिली. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर डिस्कने स्वतः ठेवलेली नोंदवही वाचून दाखवतं. तीन ओळी बघायच्या: ५, १९७ आणि १९८ (पडद्यावर '०५', 'सी५' आणि 'सी६'). खराब म्हणून बदललेल्या जागा, संशयित जागा आणि वाचता न आलेल्या जागा. तिन्हीकडे शून्य असेल तर ठीक. १९७चा आकडा वाढत चालला असेल तर त्या डिस्कवर गेम ठेवा हवं तर, लग्नाचे फोटो ठेवू नका. १९९वर ('सी७') आकडा दिसला तर बहुधा केबल खराब असते, ती आधी बदला. आमच्या डिस्कने चालू तासांपुढे '४ई२०' असं काहीतरी दाखवलं आणि भाचा घाबरला. ते सोळाच्या पटीतलं अंकलेखन, म्हणजे वीस हजार तास.

जोडताना एका गोष्टीला मी स्वतः फसलो आहे. काही एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या खोक्याच्या, केबल सुट्या निघतात. डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, एसएमपीएसकडचं नाही. मी एकदा जुन्या एसएमपीएसची केबल दुसऱ्याच कंपनीच्या नव्याला खोचली. व्यवस्थित बसली, खटका वाजला. बटण दाबलं आणि करपल्याचा वास आला. पाच व्होल्टच्या तारेत बारा व्होल्ट गेले होते. तेव्हापासून केबल त्याच खोक्यातली.

बाकीच्या अडचणी किरकोळ, पण संध्याकाळ खाणाऱ्या. डिस्क दिसतच नसेल तर मदरबोर्डचं पुस्तक उघडा. अनेक बोर्डांवर एम.२ नावाच्या छोट्या खाचेत एसएसडी बसवली की एक-दोन साटा तोंडं आपोआप बंद होतात. नवी विंडोज टाकायची असेल तर तेवढ्यापुरती जुनी डिस्क काढून ठेवा, नाहीतर सुरू होण्याच्या फायली तीवर जाऊन बसतात आणि पुढे कधी ती काढली की कॉम्प्युटर उठत नाही. आणि डिस्क स्क्रूने पक्की करा. भाच्याने ती दुहेरी टेपने चिकटवली होती. काही नॅनोमीटरवर तरंगणाऱ्या डोक्याला ते कसं मानवेल?

फोटो दुसरीकडे उतरवून फॉरमॅट मारताना मी एक जुनी युक्ती केली. बाहेरच्या वर्तुळाचा परीघ मोठा, त्यावर माहिती जास्त मावते, म्हणून एका फेरीत जास्त वाचली जाते. आतल्या वर्तुळांपाशी वेग जवळपास निम्म्यावर येतो. डिस्क बाहेरून आत भरत जाते, म्हणून पहिला २५० जीबीचा भाग फक्त गेमसाठी ठेवला. दांडीला फिरायचंही थोड्याच पट्ट्यात. उरलेल्या जागेत सिनेमे, फोटो आणि सध्या न खेळायचे गेम. स्टीम या गेम विकत घ्यायच्या सॉफ्टवेअरमध्ये गेम एका डिस्कवरून दुसरीवर हलवता येतो. शंभर जीबी पुन्हा डाउनलोड करण्यापेक्षा हे सलग वाचन किती तरी बरं, आणि सलग वाचणं हेच तर या डिस्कला येतं.

चार दिवसांनी भाच्याचा फोन. फुटबॉल छान चालतो, पण जेवून परत आलं की गेम आठ-दहा सेकंद मेल्यासारखा.

"कॅबिनेटला कान लाव आणि माऊस हलव," मी म्हटलं.

"घूं आवाज येतोय, मामा. हळूहळू चढतोय."

वीस मिनिटं काम नसलं की विंडोज हार्ड डिस्क थांबवते. थांबलेल्या तबकड्या पुन्हा ७२०० फेऱ्यांवर येईपर्यंत गेमला थांबावंच लागतं. पॉवरच्या सेटिंगमध्ये वीसच्या जागी शून्य, म्हणजे 'कधीच थांबवू नको', टाकायला सांगितलं.