हगवण थांबत नाही, तरी लेकरू वाचतं

“ढाळ लागले त पानी नोको देऊ त्याले, अजून पातळ होते.” यवतमाळकडच्या एका गावात आजी सुनेला माझ्यासमोर सांगत होत्या. ओआरएसची पुडी घरातच होती, आशाताईंनी दिलेली. फळीवर, तिखटाच्या डब्यामागे. आदल्या दिवशी एक पुडी पाजूनही झाली होती. “काई फरक नाही पडला,” आजी म्हणाल्या.

आजींनी पाहिलं ते खरंच होतं. ओआरएसनं हगवण लगेच थांबत नाही. रेडिओवर आपण सांगतो, “जुलाब झाले? ओआरएस द्या.” आई देते, जुलाब चालूच राहतात, आणि पुडी कुचकामी ठरते. आपल्या आरोग्य-प्रसारणातला हा मोठा दोष आहे असं मला वाटतं: काय द्यायचं ते आपण सांगतो, त्यानं नेमकं काय होणार ते सांगत नाही.

आतड्यात काय होतं ते पाहा. पाणी स्वतःहून शोषलं जात नाही, ते मिठामागे जातं. कॉलऱ्याचंच उदाहरण घ्या: त्याचं विष आतड्याच्या पेशींमधली क्लोराइडची वाट उघडी करून ठेवतं. क्लोराइड बाहेर, त्यामागे सोडियम, त्यामागे पाणी. मीठ आत घेण्याची नेहमीची वाटही तेच विष बंद करतं. म्हणून नुसतं पाणी टिकत नाही आणि नुसतं मिठाचं पाणीही टिकत नाही.

पण एक दार शाबूत राहतं. त्याचं नाव एसजीएलटी-१. सोडियमचे दोन आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू अशी तिघांची जोडणी झाली, की हे प्रथिन आपला आकार बदलतं आणि तिघांना पेशीच्या आत सोडतं. साखर नसेल तर ते मीठ आत नेत नाही. पेशीच्या मागच्या बाजूला एक पंप आत आलेलं सोडियम सतत रक्ताकडे ढकलतो: तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. त्यामुळे पेशीत सोडियम कमीच राहतं आणि पुढचं दार ते ओढत राहतं. सोडियम आणि ग्लुकोजची ही जोडगोळी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग इथं मांडली. साखर जास्त झाली तर? न शोषलेली साखर उलट पाणी आतड्यात खेचते. म्हणून आजच्या पुडीत लिटरमागे सोडियम ७५ आणि ग्लुकोजही ७५ मिलिमोल असतं, आणि म्हणूनच जुलाबात कोल्ड्रिंक देऊ नये. इतकं सुंदर यंत्र प्रत्येक लेकराच्या पोटात असताना मेळघाटात पोट फुगलं की तापलेल्या विळ्यानं डागतात, ‘डंबा’ देतात, याचा मला फार त्रास होतो. डागण्यानं या दारातला एक कणही हलत नाही. लेकराला जखम तेवढी होते.

१९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावला, बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, कॉलऱ्याच्या साथीत सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपात भरलं आणि नातेवाइकांच्या हाती पेले दिले. रुग्ण दगावण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. हे पाणी कसं बनवायचं ते बांगलादेशाच्या एका गुप्त रेडिओ केंद्रावरूनही सांगितलं गेलं.

मात्र नुसत्या आवाजानं भागत नाही. १९५६ साली आकाशवाणी आणि युनेस्कोनं पुण्याभोवतीच्या ५ जिल्ह्यांत सुमारे १५० गावांत श्रोतामंडळं बसवली: एकत्र ऐका, बोला, मग करा. मंडळ असलेल्या गावांत लोकांची माहिती भरपूर वाढली, नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारच थोडी.

नागपूर आकाशवाणी १९४८पासून विदर्भात ऐकली जाते. मेळघाटाच्या दऱ्यांत मोबाइलचं नेटवर्क जिथं सुटतं, तिथं मध्यमलहरी पोचतात. २०२२च्या जुलैत पाचडोंगरी-कोयलारीत विहिरीच्या पाण्यातून कॉलरा पसरला, तसल्या पावसाळ्याआधी तिथं कोरकूत आणि इकडे वऱ्हाडीत इतकंच सांगा: “पुडी पाजली म्हनून ढाळ लगेच नाही थांबनार. पन गेलेलं पानी आंगात परत येते. पाजत राहा.” तेव्हाच अंगणवाडीत बाया बसलेल्या असाव्यात, समोर एक लिटरची बाटली आणि चहाचा चमचा असावा. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. पाजण्याआधी चाखायचं, आसवांपेक्षा खारट लागलं तर फेकून द्यायचं.

त्या घरी मी हे चमच्यानं मोजून करून दाखवलं. आजींनी बोट बुडवून चव घेतली आणि विचारलं, “साखर नसंल त गूळ चालते का?”

चालतो. गुळातल्या साखरेचेही आतड्यात दोन तुकडे होतात, आणि त्यातला एक ग्लुकोजच असतो.