घरावरून, सोसायटीवरून गेलेली वीजवाहिनी भूमिगत करायची असेल तर अर्ज कुठे, कागदपत्रे कोणती, खर्च कोणाचा?

अलिबाग आणि रत्नागिरीत राष्ट्रीय चक्रीवादळ धोके निवारण प्रकल्पातून वीजतारा जमिनीखाली घेण्याचे काम हाती घेतले गेले. अशा सरकारी योजनेत तुमचा रस्ता असेल तर वेगळा अर्ज किंवा पैसे भरण्याची गरज नसते. म्हणून आधी महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात आणि नगरपालिकेच्या विद्युत विभागात चौकशी करा. रस्ता रुंदीकरणात खांब हलणार असतील तर त्यासोबतच केबल टाकून घेण्याची मागणी नगरसेवकामार्फत लेखी द्या. रस्ता एकदा डांबरी झाला की पुन्हा खोदायला कोणी तयार होत नाही.

योजना नसेल तर जागामालक, नोंदणीकृत गृहनिर्माण संस्था किंवा बिल्डर स्वतः अर्ज करू शकतो. भाडेकरू असाल तर मालकाच्या सहीने अर्ज करणे सोयीचे. (ही माहिती महावितरणच्या भागापुरती आहे, मुंबईत तुमचे वीजबिल ज्या कंपनीचे, तिच्याकडे जावे.)

अर्जाआधी वर बघून वाहिनी कोणती ते ओळखा. चार-पाच तारा आणि त्यातून घरांना जोडण्या गेलेल्या असतील तर ती लघुदाब, म्हणजे कमी व्होल्टेजची. तीनच तारा, मोठे चिनीमातीचे इन्सुलेटर आणि ती डीपीपर्यंत (ट्रान्सफॉर्मरपर्यंत) जात असेल तर बहुधा ११ केव्हीची, म्हणजे ११ हजार व्होल्टची उच्चदाब. इमारतीपासून आडवे अंतर या दोन्हींना किमान १.२ मीटर आणि ३३ केव्हीला २ मीटर हवे. छतावरून जात असेल तर लघुदाबाला २.५ मीटर आणि ३३ केव्हीपर्यंत ३.७ मीटर उंची हवी. तुमचे अंतर याहून कमी असेल तर फोटो आणि माप अर्जातच लिहा. ही धोक्याची तक्रार आहे, नुसती सोयीची मागणी नव्हे.

इथे एक प्रश्न हमखास निघतो: आधी काय होते, घर की तार? वाहिनी आधीची असेल आणि तिच्याजवळ बांधकाम किंवा मजला चढवायचा असेल, तर काम सुरू करण्यापूर्वी वीज कंपनीला आणि विद्युत निरीक्षकाला लेखी कळवणे बंधनकारक आहे, आणि वाहिनी हलवण्याचा खर्चही तुमचा. पुष्कळ लोक स्लॅब पडल्यावर अर्ज करतात. तोवर गवंडी रोज त्या तारांखाली सळया उभ्या करत असतो. कृपा करून असे करू नका.

कागदपत्रे साधारण अशी मागतात: कार्यकारी अभियंत्यांच्या नावे अर्ज, ग्राहक क्रमांकासह चालू वीजबिल, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मंजूर बांधकाम नकाशा, ओळखपत्र. संस्था असेल तर नोंदणी प्रमाणपत्र आणि सभेचा ठराव. नवी केबल शेजाऱ्याच्या जागेतून जाणार असेल तर त्याचे ना हरकत पत्र. यासोबत हाताने काढलेला कच्चा नकाशा जोडाच: खांब, डीपी, झाडे, ड्रेनेजची झाकणे. पोचेवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या.

मग शाखा अभियंता पाहणी करून अंदाजपत्रक बनवतो. मंजुरीनंतर दोन वाटा असतात. एक, सगळी रक्कम महावितरणकडे भरायची आणि काम त्यांनी करायचे. दुसरी, परवानाधारक विद्युत ठेकेदार तुम्ही नेमायचा आणि महावितरणला १.३ टक्के देखरेख शुल्क व त्यावरचा जीएसटी भरायचा. अंदाजपत्रक ५ लाखांचे असेल तर हे शुल्क ६,५०० रुपये. माझे मत दुसऱ्या वाटेच्या बाजूने आहे, कारण वेळ आपल्या हातात राहतो. मात्र ठेकेदारावर लक्ष ठेवायला हवे. लघुदाब केबल किमान ७५ सेंटिमीटर आणि ११ केव्हीची ९० सेंटिमीटर खोल हवी, खाली-वर वाळू, त्यावर विटा किंवा फरशी. चर बुजवण्याआधी मोजायची टेप लावून फोटो काढा.

सार्वजनिक रस्ता खोदायचा तर महापालिकेची परवानगी आणि रस्ता दुरुस्तीचे शुल्क वेगळे. पावसाळ्यात खोदाई सहसा बंद असते. त्यामुळे जून-जुलैत अर्ज टाकून पाहणी आणि मंजुरी पावसात उरकून घ्यावी, म्हणजे ऑक्टोबरमध्ये चर खणता येतो. जानेवारीत अर्ज केलेला माणूस बऱ्याचदा मे महिन्यात अडकतो.

अर्ज रखडला तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते. फारशी माहीत नसलेली आणखी एक वाट आहे. २००६ च्या वीज परवानाधारकांच्या कामांविषयीच्या केंद्रीय नियमांनुसार, पुरेसे कारण दाखवल्यास जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त वाहिनी हलवण्याचा लेखी आदेश देऊ शकतात.

नव्या केबलमध्ये वीज सोडल्यावर जुने खांब निघतात. त्यांवर इंटरनेट आणि केबल टीव्हीच्या वायरी लटकत असतात, आणि त्या आपोआप कुठेच जात नाहीत. आमच्या गल्लीत वीजतारा गेल्या, पण या वायरींसाठी दोन खांब तसेच उभे राहिले. चर उघडा असतानाच एक रिकामा एचडीपीई (जाड प्लास्टिकचा) पाइप टाकून ठेवा आणि त्या केबलवाल्यांना तेव्हाच बोलावून घ्या.