करकर आणि चोरपावले: ‘कोल्हापुरी स्नीकर’ या नावामागचा गुंता

वर चामड्याची घट्ट वेणी, खाली बोटभर जाडीचा पांढरा रबरी तळ. गेल्या काही वर्षांत तरुण डिझायनर आणि चर्मकार घरांतली शिकलेली पोरे मिळून असे हाताने विणलेले बूट करू लागली आहेत. विकणारे त्यांना बिनदिक्कत ‘कोल्हापुरी स्नीकर’ म्हणतात. नाव तोंडात चटकन बसते, पण कायद्यात बसत नाही.

दोन शब्दांचे मुळात जमतच नाही. स्नीकर या शब्दाच्या पोटात चोरपावले आहेत. रबरी तळ वाजत नाही म्हणून एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत हे नाव पडले. कोल्हापुरीची ऐट नेमकी उलटी: ती वाजली पाहिजे. करकर यावी म्हणून तळाच्या थरांमध्ये बिया घालण्याची रीत होती. गावात कोण येतेय हे माणूस दिसण्याआधी कळायचे, आणि कोणाच्या पायताणाने वाजावे व कोणी पायताण हातात धरून जावे, हेही गावच ठरवायचे. आपल्याकडे रबरी तळाचा बूट आला तो मुख्यतः शाळेतल्या पीटीच्या तासाला. पांढरा कॅनव्हास, शुक्रवारी रात्री त्यावर ओला खडू फासायचा. त्याला कोणी वारसा म्हटले नाही.

जुना इतिहास थोडक्यात आटोपतो, कारण तो बहुतेकांनी ऐकलेला असतो. संस्थानी काळात या धंद्याला कोल्हापुरात आश्रय मिळाला, पुढे मुंबईची बाजारपेठ मिळाली, सत्तरच्या दशकात परदेशी हिप्पींच्या पायांतून कोल्हापुरी चप्पल जगभर गेली. यातली एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्यासारखी. शेतात वापरायचे पायताण जाड, बोजड असे. ते पातळ करून, बाजूला कान लावून शहरी ग्राहकाजोगी चप्पल केली गेली ती विसाव्या शतकात, असे जुने व्यापारी सांगतात. म्हणजे आज जिला आपण ‘अस्सल’ म्हणतो, तीही कधीकाळी कोणीतरी केलेला नवा घाटच होती.

खरा गुंता ‘कोल्हापुरी’ या शब्दाचा. करणारा माणूस हा शब्द फारसा वापरत नसे. तो कापशी म्हणे, कुरुंदवाडी म्हणे, नाहीतर नुसते पायताण. कापशी, कुरुंदवाड ही गावे. माल कोल्हापुरात येऊन विकला जाई, म्हणून लांबच्या गिऱ्हाइकाने सगळ्यालाच कोल्हापुरी म्हटले. नाव बाजाराने दिले आहे, कारागिराने नव्हे. अथणी आणि निपाणी पट्ट्यात तीच वेणी, तोच अंगठा, तीच बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेली कातडी. १९५६ मध्ये तो भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. चप्पल कुठे गेली नाही, नावाचा मात्र सीमाप्रश्न झाला.

एखाद्या मालाचे नाव ठरावीक प्रदेशातल्या, ठरावीक पद्धतीने केलेल्या मालापुरते राखून ठेवणारी कायदेशीर नोंद म्हणजे भौगोलिक मानांकन. कोल्हापुरीसाठी त्याचा अर्ज २००९ च्या सुमाराचा. जून २०१९ मध्ये मानांकन जाहीर झाले, तेव्हा ते दोन राज्यांना मिळून मिळाले: इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, तिकडचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. कोल्हापुरात त्यावर बरीच नाराजी उमटली. नाव आमचे, मग वाटा त्यांना का, असा सूर होता. मला हा सूर कधी पटला नाही. अथणीतल्या बायकांच्या हातच्या वेण्या वर्षानुवर्षे कोल्हापूरच्या नावाने खपत होत्या, तेव्हा हा प्रश्न कोणाला पडला नव्हता.

पण आठ जिल्ह्यांच्या वादात दुसरे एक कलम कोणी नीट पाहिलेच नाही. मानांकन नकाशाला मिळते तसे करण्याच्या पद्धतीलाही मिळते. वनस्पतीच्या रसाने कमावलेले चामडे, हाताचे काम, चामड्याच्याच वादीने शिवलेला तळ. चप्पल कशी असते हे नोंदीत एकदा लिहिले गेले की ती तशीच राहायला बांधली जाते. स्नीकरचा तळ रबराचा, आणि तो सोल्युशनने चिकटवलेला. आरी फक्त वरच्या भागाला लागते. वेणी घालणारी बाई तीच, बोटांची चलाखी तीच, वादी ओढताना दातांत धरायची सवयही तीच. पण त्या बुटावर ‘कोल्हापुरी’ लिहिणे कायद्याच्या दृष्टीने शंकास्पद. त्यातही मानांकनाचे नोंदणीकृत मालक दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळे आहेत. कारागिराला स्वतःला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळी नोंद करावी लागते, आणि कागदपत्रांची ती वाट कोल्हापुरात सुभाषनगरातल्या एका खोलीच्या कारखान्यापासून बरीच लांब आहे.

याला दुसरी बाजू आहेच. व्याख्या सैल केली तर उद्या रेक्झिनची, यंत्रावर छापलेली वेणीही कोल्हापुरी ठरेल. बाजारात तसा माल भरपूर आहे आणि त्याने हातकामाचा भाव पाडला आहे. कडक व्याख्येचा आग्रह धरणाऱ्यांमध्ये जुने कारागीरही आहेत, ते काही उगाच नव्हे. माझा आक्षेप एवढाच, की नक्कल रोखायला घातलेल्या कुंपणात कारागिराची स्वतःची पोरेही अडकली.

आता राजकारणाकडे, कारण या बुटांवरची रंगसंगती उगाच निळी नसते; निळा हा आंबेडकरी चळवळीचा रंग. चामड्याच्या कामाबाबत महाराष्ट्रातली मुक्तीची भाषा दीर्घकाळ ‘सोडा’ अशी होती. १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. आंबेडकरांकडून मेलेली गुरे ओढणे बंद करण्याचे आवाहन झाले, आणि पुढच्या पिढ्यांनी ढोर ओढणे, कातडे सोलणे, पायताण शिवणे या सगळ्यांपासून दूर जाण्यातच प्रतिष्ठा पाहिली. ज्या घरात रापी, म्हणजे चामडे कापायची सुरी होती त्या घराने पोराच्या हातात पुस्तक दिले. या पार्श्वभूमीवर पदवी घेऊन पुन्हा रापी हातात धरणे हे उलटे पाऊल वाटू शकते, आणि घरातल्या थोरांना ते तसे वाटतेही.

तरी ही पोरे परत आली, त्यामागे दोन घटना दिसतात. मार्च २०१५ मध्ये राज्यात बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. गायीवर ती १९७६ च्या कायद्याने होतीच. चामड्याची आवक आटली, धारावीपासून कोल्हापूरपर्यंत हातांना काम कमी झाले. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत ऊना इथे मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना उघड्यावर मारहाण झाली, आणि त्यानंतर तिथे मेलेली जनावरे सरकारी कचेऱ्यांसमोर आणून टाकली गेली. धंदा सोडूनही जात सुटत नाही आणि धंदा केला तर जीव सुरक्षित नाही, हे एकाच वेळी दिसले. मग काहींनी चामड्याऐवजी टाकाऊ रबर घेतले. मुंबईत एकाने तर जी जात शिवीसारखी उच्चारली जाते तिचेच नाव ब्रँडला दिले. म्हणजे स्नीकरखालचा रबरी तळ केवळ फॅशनसाठी आलेला नाही. त्यात चामड्याच्या टंचाईचा हिशेब आहे आणि ‘बघा, हे आम्ही केले’ असे सहीनिशी सांगण्याची हौसही.

जून २०२५ मध्ये मिलानमधल्या एका प्रसिद्ध फॅशन कंपनीने आपल्या पुरुषांच्या पोशाखांच्या शोमध्ये कोल्हापुरीच्या घाटाच्या चपला ‘लेदर सँडल’ म्हणून दाखवल्या. मग गदारोळ, घाट कोल्हापुरीवरून घेतल्याची कंपनीची कबुली, तिच्या लोकांची कोल्हापुरात पाहणी. कंपनीविरुद्धची मुंबई उच्च न्यायालयातली जनहित याचिका जुलैमध्ये फेटाळली गेली, कारण दावा करायचा तर तो मानांकनाच्या नोंदणीकृत मालकांनी करायचा. शिवाय मानांकन नाव राखते, घाट नव्हे. नाव घेतले नाही तर कायद्याच्या कचाट्यात येणे अवघड. डिसेंबरात त्याच कंपनीने दोन्ही महामंडळांशी करार केला: इथल्या कारागिरांकडून २,००० जोड, एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो.

दोन बाजूंचा हा विरोधाभास मला फार बोचतो. परक्याने घाट घेतला आणि नाव टाळले, तो कायद्यातून सुटला. चर्मकाराच्या मुलीने नाव घेतले आणि घाट बदलला, ती अडकू शकते. भौगोलिक मानांकनाची नोंद दर दहा वर्षांनी नूतनीकरणाला येते आणि मालकांनी अर्ज केला तर तपशिलात दुरुस्तीही करता येते. मालक महामंडळे आहेत, त्यामुळे अर्ज त्यांनीच करायचा आहे. तोवर बरेच जण पाटीवर ‘कोल्हापुरी’ गाळून नुसते ‘हातविणीचे’ लिहितात, आणि गिऱ्हाईक दुकानात शिरून विचारते, “कोल्हापुरी स्नीकर आहेत का हो?”