हीटसिंकला चिकटलेला प्रोसेसर सोडवणे

हीटसिंकला चिकटलेला प्रोसेसर सोडवणे : संगणकाचा हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) उतरवताना प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटबाहेर उपटला जाऊ नये, आणि उपटला गेलाच तर पिना व वरचे धातूचे झाकण शाबूत ठेवून तो वेगळा व्हावा, यासाठीची दुरुस्तीतील रीत. ज्या प्रोसेसरांच्या बुडाला पिना असतात त्यांच्याच बाबतीत हा प्रश्न गंभीर होतो.

अशा पिना धरून ठेवणारे झिफ सॉकेट (दांडीच्या साहाय्याने, जोर न लावता चिप बसवता येणारे) चिपांच्या चाचणी-उपकरणांत आधीपासून होते. संगणकाच्या मदरबोर्डावर ते ४८६ प्रोसेसरांच्या काळात, साधारणपणे १९९०च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत रुळले असे मानता येते. काटेकोर वर्ष देणे धाडसाचे ठरेल, कारण १६९ छिद्रांचे ‘सॉकेट १’ दांडीवाले आणि बिनदांडीचे अशा दोन्ही प्रकारांत मिळत असे. दांडी खाली केली की वरची प्लॅस्टिकची पट्टी किंचित सरकते आणि प्रत्येक पिन बाजूने धातूच्या पकडीत दाबली जाते. ही पकड घर्षणाची आहे. प्रोसेसरला वरून अडवणारे त्यात काहीच नाही. इंटेलने २००४ मध्ये एलजीए ७७५ हे सॉकेट आणून पिना मदरबोर्डाकडे नेल्या आणि प्रोसेसरवर धातूची चौकट बसवली, तेव्हा तिच्यापुरता हा धोका मिटला. इंटेलची प्रतिस्पर्धी असलेल्या एएमडीने सर्व्हरसाठी २००६ मध्येच तशी रचना स्वीकारली, पण सर्वसाधारण डेस्कटॉपवर १,३३१ पिनांच्या एएम४ सॉकेटापर्यंत जुनीच पद्धत चालू राहिली. २०२२ च्या एएम५ पासून तिथेही पिना सॉकेटात गेल्या. त्यामुळे आज ही अडचण प्रामुख्याने एएम४ व त्याआधीच्या यंत्रांची आहे.

चिकटण्याचे कारण काय, याबद्दल तीन मते आढळतात. पहिले, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये उष्णता वाहून नेण्यासाठी लावलेली पेस्ट सुकून तिचा गोंद होतो. दुसरे, दोन सपाट पृष्ठभागांमध्ये निर्वात पोकळी तयार होते. तिसरे, पेस्टची श्यानताच (वाहण्याला होणारा तिचा विरोध) पुरेशी आहे. तिसऱ्या मताला भक्कम आधार आहे तो योसेफ श्टेफान या ऑस्ट्रियन भौतिकीविज्ञाच्या १८७४ मधील कामाचा. द्रवात बुडवलेल्या दोन तबकड्या एकमेकींपासून दूर करताना जाणवणारी ओढ ही खरी चिकटण्याची क्रिया नसून फटीत शिरू पाहणाऱ्या द्रवाचा विरोध आहे, असे त्याने दाखवले. ही ओढ श्यानतेच्या व ओढण्याच्या वेगाच्या सम प्रमाणात असते आणि फटीच्या जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणजे थर निम्मा झाला की ओढ आठपट. झटका दिला तर प्रोसेसर उपटतो आणि सावकाश ओढल्यास बऱ्याचदा सुटतो, याचा उलगडा इथे होतो. निर्वाताचे मत अगदीच टाकाऊ नाही, कारण फटीतला दाब खरोखर उतरतो. मात्र निव्वळ वातावरणाचा दाब धरला तर ४० मिमी. बाजूच्या चौरस झाकणावर तो सुमारे १६ किलोग्रॅम वजनाएवढाच भरतो. सुकण्याचे मत जुन्या यंत्रांना लागू पडते : वारंवार तापून-निवून पेस्टमधील सिलिकोन तेल कडेला झिरपते आणि झिंक ऑक्साइड किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी मागे राहून थर घट्ट होतो. पेस्ट हा साधा द्रव नसल्याने श्टेफानचे सूत्र तिला तंतोतंत बसत नाही, पण दिशा बरोबर दाखवते.

पिळण्याचे गणित वेगळे आहे. थर आडवा सरकवताना विरोध जाडीच्या केवळ पहिल्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून रीत ठरली ती ‘आधी पीळ, मग उचल’ अशी. पेस्ट ऊब मिळाल्यावर सैल होते, तेव्हा संगणक दहा-पंधरा मिनिटे चालवून बंद करतात आणि वायर भिंतीतून काढतात. पंख्याची केबल सोडवायची राहून जाते, ती आधी सोडवावी. स्क्रू किंवा कड्या सैल केल्यावर हीटसिंक दोन्ही हातांनी धरून काही अंश डावीकडे, काही अंश उजवीकडे फिरवतात; तो घसरू लागल्याचे हाताला कळले की मगच एका कडेने वर घेतात. उंच हीटसिंक रॅमच्या पट्ट्यांना अडतो, तर कडीवाल्या हीटसिंकला प्लॅस्टिकच्या चौकटीमुळे फिरायला जागा थोडीच मिळते. यंत्र सुरूच होत नसेल तर हेअर ड्रायरची ऊब चालते. दांडी आधी उघडावी असेही सुचवले जाते, पण हीटसिंक जागेवर असताना ती सहसा पूर्ण उभी होत नाही.

प्रोसेसर हीटसिंकसकट बाहेर आलाच, तर तसाच परत सॉकेटात दाबू नये. प्रोसेसरच्या बुडाच्या, पिना असलेल्या हिरव्या पट्टीच्या कडा बोटांत धरून, पिनांना स्पर्श न करता, पुन्हा तोच पीळ द्यावा. न जुमानल्यास फटीच्या कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडतात, किंवा दात साफ करायचा दोरा झाकण आणि हीटसिंक यांच्यामधून करवतीसारखा ओढतात. पेचकस घालून उचकटणे वाईट : झाकण पट्टीवर चिकटद्रव्यानेच बसवलेले असते आणि जोर चुकला तर तेच सुटते. वाकलेली पिन शिसे काढलेल्या यांत्रिक पेन्सिलीच्या नळीत घालून हळूहळू सरळ करतात. एकदा सरळ झाली की पुन्हा तिच्या वाटेला जाऊ नये, कारण दुसऱ्या-तिसऱ्या वाकवणीत ती तुटते. पिना सरळ झाल्यावर दांडी उभी करून, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवून प्रोसेसर अलगद ठेवावा. तो स्वतःच्या वजनाने बसला पाहिजे.

उष्णतावाहक इपॉक्सीने जोडलेल्या हीटसिंकला हे काहीही लागू नाही. तो जोड कायमचाच समजावा. गॅलियमयुक्त द्रव धातू तांब्यात मुरून घट्ट होतो, तिथे पीळ कधी उपयोगी पडतो, कधी नाही.