टिश्यू पाठवताय? ओसीटीत बुडवू नका

"सेक्शनवर विषाणूचं प्रोटीन नेमकं कुठे आहे ते दिसेल का?" हा फोन आम्हाला सारखा येतो. दिसतं. आमची मास स्पेक्ट्रोमेट्री इमेजिंगची लॅब आहे: सेक्शनवर, म्हणजे टिश्यूच्या पातळ कापावर, लेसर मारून रेणू उठवतो, वजनावरून ओळखतो आणि ते कुठे आहेत त्याचा नकाशा काढतो. पण पेटी उघडली की बरेच ब्लॉक ओसीटीत (गोठवलेलं टिश्यू कापताना आधार देणारा जेल) गच्च गाडलेले निघतात, आणि काम तिथेच अडतं.

क्रायोस्टॅटवर (गोठवलेलं टिश्यू कापायच्या यंत्रावर) कापायला ओसीटी उत्तम, आमच्या मशीनला मात्र ते चालत नाही. त्यात पॉलिएथिलीन ग्लायकॉल असतं. लेसर पडला की तेच आधी उठतं आणि स्पेक्ट्रमवर, म्हणजे रेणूंच्या वजनाच्या आलेखावर, 44-44 डाल्टनच्या (रेणूच्या वजनाचं एकक) अंतराने फणीच्या दातांसारखे पीक उभे राहतात. विषाणूच्या पेप्टाइडचा (प्रोटीनच्या तुकड्याचा) पीक मुळातच बारीक, तो त्या गर्दीत दिसतच नाही. "धुऊन घ्या की!" असं काहीजण सांगतात. धुतो आम्ही, पण सगळं निघत नाही, आणि जास्त धुतलं तर रेणू जागचे हलतात. जागाच हलली तर इमेजिंग करून काय उपयोग?

म्हणून टिश्यू तसंच, फॉइलच्या होडीत, ड्राय आइसने गार केलेल्या आयसोपेंटेनवर गोठवा आणि उणे 80 ला ठेवा. आधार हवाच तर जिलेटिन वापरा. ओसीटीचा ठिपका फक्त खालून, क्रायोस्टॅटच्या 'चक'ला (टिश्यू धरणाऱ्या चकतीला) चिकटवण्यापुरता. कोविडसारख्या संसर्गाचं टिश्यू मात्र गोठवून पाठवू नका. ते फॉर्मॅलिन-पॅराफिन ब्लॉकमध्येच, सोबत जैवसुरक्षा समितीचं पत्र. कंट्रोल म्हणून संसर्ग नसलेला, त्याच अवयवाचा ब्लॉक विसरू नका.

"तुमचा दर जास्त आहे," हेही ऐकतो. कोविडचं न्युक्लिओकॅप्सिड 419 अमिनो आम्लांचं, सुमारे 46 किलोडाल्टन. एवढं मोठं प्रोटीन टिश्यूवरून अख्खं उठवणं अवघड. म्हणून सेक्शनवरच ट्रिप्सिन फवारून त्याचे तुकडे करतो आणि त्यांचा नकाशा काढतो. पण नुसतं वस्तुमान जुळलं म्हणजे ते विषाणूचंच, असं आम्ही लिहून देत नाही. पेशींचे स्वतःचे पेप्टाइडही त्याच आकड्याजवळ बसतात. शेजारचा सेक्शन एलसी-एमएसएमएसवर (पेप्टाइड वेगळे करून, तोडून त्यांचा अमिनो आम्लांचा क्रम तपासणारी पद्धत) लावून खात्री करतो. दरात तो खर्च धरलेला असतो. रिव्ह्यूअरने नेमका तोच प्रश्न विचारला की हा खर्च आठवतो.

पहिल्यांदाच काम देणार असाल तर एक ट्रायल सेक्शन लावा. पुढे पूर्ण रन दिलात तर त्याचे पैसे वळते करून देतो. आयटीओ (वीजवाहक थर दिलेल्या) स्लाइड आमच्याकडूनच मागवा, साध्या काचेच्या स्लाइडवर वीज वाहत नाही.

आणि कुरिअर सोमवारी किंवा मंगळवारी करा. शुक्रवारी निघालेली पेटी रविवारभर गोदामात पडते, सोमवारी आमच्या हातात येते तोवर ड्राय आइस उडून गेलेला असतो.