परदेशातल्या उन्हाळी गणितशाळा आणि तिथे शिकवणारे संशोधक विद्यार्थी

पुण्यात गणितात पीएच.डी. करणाऱ्या कुणाला परदेशातल्या उन्हाळी शाळेत शिकवायला जायचं असेल, तर तयारी डिसेंबर-जानेवारीतच सुरू करावी लागते. अनेक ठिकाणी अर्जासोबत शिकवायच्या विषयाचा आराखडा मागतात आणि बरेच जण तिथेच चुकतात. ते आपल्या प्रबंधाच्या विषयावर एक व्याख्यान लिहून पाठवतात. निवड करणाऱ्यांना व्याख्यानापेक्षा दुसरंच काही पाहायचं असतं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाशेजारी फळ्यापाशी उभं राहून त्याची अर्धीमुर्धी सिद्धता शेवटपर्यंत ऐकून घेणारा माणूस त्यांना हवा असतो. ही अपेक्षा कुठून आली, ते या शाळांच्या इतिहासात सापडतं.

‘उन्हाळी शाळा’ या नावाखाली दोन निराळ्या गोष्टी येतात. एक संशोधकांसाठीची. फ्रान्सच्या आल्प्समध्ये लेझूश इथे १९५१ साली सेसिल दविट-मोरेत यांनी काढलेली भौतिकशास्त्राची शाळा हे तिचं जुनं उदाहरण. अशा ठिकाणी संशोधक विद्यार्थी मुख्यतः शिकायला जातो. दुसरी असते शाळकरी मुलांसाठीची निवासी शाळा. तिथे तोच शिकवतो, वह्या तपासतो आणि जेवायच्या टेबलावरही शंका सोडवतो. हे टिपण दुसऱ्या प्रकारच्या शाळांबद्दल आहे.

या शाळांची एक मुळी सोव्हिएत रशियात आहे. लेनिनग्राडला १९३४ मध्ये आणि मॉस्कोला १९३५ मध्ये शालेय गणित ऑलिंपियाड सुरू झालं. त्याच सुमारास मॉस्को विद्यापीठात शाळकरी मुलांची गणित मंडळं भरू लागली आणि ती चालवायला विद्यापीठातले विद्यार्थीच असत. सुरुवातीची रीत अशी होती की एका मुलाला विषय द्यायचा, त्याने तो वाचून तयार करायचा आणि इतरांपुढे मांडायचा. यात मांडणाऱ्याचा फायदा व्हायचा, पण ऐकणारे कंटाळायचे. विषयात महत्त्वाचं काय आणि किरकोळ काय, हे नवख्याला निवडता येत नाही. दाविद श्क्ल्यार्स्की या विद्यार्थ्याने ही रीत बदलली. मंडळ चालवणाऱ्याने थोडा वेळ विषय मांडायचा आणि उरलेल्या वेळात मुलांनी गणितं सोडवून आपापली उत्तरं सांगायची. १९३८ च्या मॉस्को ऑलिंपियाडमध्ये २४ पैकी १२ बक्षिसं त्याच्या मंडळातल्या मुलांना मिळाली, पहिल्या क्रमांकाची चारही त्यातच. तो स्वतः तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा होता. १९४२ मध्ये तो युद्धात मारला गेला.

पुढे मॉस्कोतले गणितशिक्षक निकोलाय कोन्स्तान्तिनोव्ह यांनी पत्रकांची पद्धत रुजवली. एका पत्रकावर दोन-चार व्याख्या आणि त्यांच्या पाठोपाठ गणितं असतात. मोठं प्रमेय सरळ सांगत नाहीत, त्याचे तुकडे करून तीच गणितं म्हणून देतात. मूल आपलं उत्तर तोंडी सांगतं आणि समोर बसलेला विद्यापीठाचा विद्यार्थी फट दिसली की प्रश्न विचारतो. तोंडी उत्तराचा उपयोग मोठा आहे. लेखी उत्तरात ‘यावरून उघड आहे की’ असं लिहून निसटता येतं, समोरासमोर ते जमत नाही. मात्र त्यासाठी माणसं लागतात. एका सहायकाकडे दहा-बारा मुलं आली की रांग लागते, आणि रांगेत उभं असलेलं मूल विचार करणं थांबवतं.

अमेरिकेतली परंपरा गणितज्ञ आर्नोल्ड रॉस यांच्यापासून धरतात. रॉस यांचा जन्म शिकागोचा, पण लहानपण ओडेसात गेलं आणि गणिताची गोडी त्यांना तिथेच सॅम्युएल शातुनोव्हस्की यांच्याकडे लागली. म्हणजे हाही धागा तिकडेच, काळ्या समुद्राच्या काठाशी जाऊन मिळतो. १९५७ च्या उन्हाळ्यात नोत्र दाम विद्यापीठात त्यांनी शाळकरी मुलांना घेऊन वर्ग सुरू केला. १९६४ मध्ये तो ओहायो स्टेट विद्यापीठात गेला. अमेरिकेतल्या गणितशाळा स्पुटनिकच्या धसक्यातून जन्मल्या असं अनेकदा लिहिलं जातं, पण स्पुटनिक सुटला ४ ऑक्टोबर १९५७ ला. रॉस यांचा पहिला उन्हाळा तोवर संपला होता. स्पुटनिकनंतर विज्ञानशिक्षणाला सरकारी पैसा मिळू लागला आणि अशा शाळा टिकल्या, एवढं म्हणणं बरोबर.

रॉस यांनी सगळ्यांसाठी एकच विषय ठेवला: पूर्णांकांचा अंकसिद्धान्त, ज्याला आपल्याकडे सगळे ‘नंबर थिअरी’च म्हणतात. मराठीत ‘अंकशास्त्र’ म्हटलं की लोकांना भविष्य आठवतं आणि ‘संख्याशास्त्र’ म्हटलं की स्टॅटिस्टिक्स, त्यामुळे इंग्रजी नाव टिकलं ते बरंच झालं. या विषयाला पूर्वतयारी जवळजवळ लागत नाही. आकडेमोड करता करता मुलालाच नियम दिसतात आणि मग ते सिद्ध करायची वेळ येते. रोज नवं पत्रक मिळतं आणि त्यातल्या बऱ्याच प्रश्नांवर आदेश असतो: सिद्ध करा किंवा खोटं ठरवा, आणि जमेल तेवढं वाचवा.

उदाहरणार्थ, विधान असं आहे: ‘अ ने ब × क ला पूर्ण भाग जात असेल, तर अ ने ब ला किंवा क ला पूर्ण भाग जातो.’ मूल ६, ४ आणि ३ घेतं. ६ ने १२ ला भाग जातो, पण ४ लाही जात नाही आणि ३ लाही नाही. विधान खोटं ठरलं. आपल्याकडच्या परीक्षेत इथे गुण मिळून प्रश्न संपला असता. इथे खरं काम यानंतरचं आहे: काय गृहीत धरलं तर विधान खरं होईल? कुणी म्हणतं अ मूळ संख्या असावी. कुणी म्हणतं अ आणि ब यांचा मसावि १ असेल तर अ ने क ला भाग गेलाच पाहिजे. दोन्ही बरोबर आहेत, आणि या दोन उत्तरांचा एकमेकांशी संबंध काय हे पुढचं गणित. शेजारी बसलेल्या संशोधक विद्यार्थ्याने ‘मूळ संख्या घे’ असं आधीच सांगून टाकलं, तर त्या मुलाचा तो दिवस वाया गेला.

रॉस यांच्या वर्गातून तयार झालेल्यांनी इतरत्र तशाच शाळा काढल्या. बॉस्टन विद्यापीठातली प्रॉमिस ही शाळा १९८९ ची. १९७१ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये हॅम्पशायर कॉलेजची शाळा होती, तिची घडण थोडी निराळी. १९९३ मध्ये सुरू झालेल्या कॅनडा/यूएसए मॅथकॅम्पने संशोधक विद्यार्थ्याला आणखी पुढे आणलं. तिथे तो स्वतःच अभ्यासक्रम आखतो. एकेक वर्ग साधारण आठवडाभराचा असतो आणि त्याची काठिण्यपातळी एक ते चार मिरच्यांनी दाखवतात. मिरच्या पाहून आपला वर्ग मुलंच निवडतात. मुलांना पर्याय असल्यामुळे वर्ग अवघड झाला की ती उठून दुसरीकडे जातात, आणि शिकवणाऱ्याला आपली चूक लगेच कळते.

पुण्याचा परदेशी गणिताशी संबंध जुना आहे. १८९९ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले आणि परत येऊन फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचं ग्रंथालय सुरुवातीची अनेक वर्षं याच कॉलेजात होतं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातले गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान काढलं, आणि ऑलिंपियाडची तयारी करणाऱ्या मुलांच्या कित्येक पिढ्या तिथे घडल्या. १९९३ मध्ये एस. कुमारेसन यांनी सुरू केलेला एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) हा देशभरातला उन्हाळी कार्यक्रम प्रश्न विचारत शिकवण्यासाठी ओळखला जातो. रॉस यांनीही १९७३ मध्ये भारतातल्या अशा एका उपक्रमाच्या उभारणीत मदत केली होती. २०२३ पासून तर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रॉमिसचं भारतीय सत्र भरतं, म्हणजे ज्याला परदेशी जाणं जमत नाही त्याला तीच पद्धत देशात अनुभवता येते.

इथल्या विद्यार्थ्यांची अडचण निराळीच आहे. गणित प्राविण्य, गणित प्रज्ञा आणि नंतर जेईई या परीक्षांच्या वाटेने आलेल्याचा हात उत्तराकडे वेगाने जातो. पुढे शिकवताना तीच सवय आड येते. मूल अडखळलं की तिसऱ्या सेकंदाला युक्ती सांगितली जाते. एमटीटीएसमधून गेलेल्यांना किंवा ट्यूटोरियलचे वर्ग घेतलेल्यांना थांबायची सवय झालेली असते, आणि तो फरक पहिल्याच दिवशी दिसतो.

दुसरी अडचण क्षुल्लक वाटते, पण पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त वेळ तीच खाते: चिन्हं आणि संज्ञा. आपण एक लाख १,००,००० असं लिहितो, बाहेर बहुतेक ठिकाणी अंकांचे गट तीन-तीनचे पाडतात. युरोपातल्या मोठ्या भागात दशांशचिन्ह म्हणजे स्वल्पविराम, त्यामुळे ०,५ म्हणजे अर्धा. भागाकारासाठी जर्मन मुलं विसर्गासारखे दोन ठिपके वापरतात आणि पूर्व युरोपात टॅनजंट ‘टीजी’ असा लिहितात. फ्रान्समध्ये विवृत अंतराल (दोन्ही टोकांच्या संख्या वगळलेला) बाहेर वळलेल्या चौकटी कंसांनी दाखवतात. फ्रेंच शब्द ‘पोझितीफ’ शून्यालाही धरून असतो, आणि त्यांच्या नैसर्गिक संख्या शून्यापासून सुरू होतात. ‘क धन आहे, म्हणून क ने भागा’ ही आपल्याला बिनधोक वाटणारी ओळ तिथल्या मुलाला चुकीची वाटते, आणि त्याच्या व्याख्येप्रमाणे ती चुकीची आहेच. आपला मसावि, म्हणजे एचसीएफ, बाहेर जीसीडी होतो. ब्रिटिश इंग्रजीतला ट्रॅपिझियम अमेरिकेत ट्रॅपिझॉइड होतो, आणि अमेरिकेत ट्रॅपिझियम म्हणजे कुठलीच बाजू समांतर नसलेला चौकोन. पहिल्या पत्रकाच्या माथ्यावर पाच-सहा ओळींत हे ठरवून टाकावं. आकडे लिहिण्याची सवयही तपासावी. युरोपातले लोक १ ला वर लांब शेपटी काढतात आणि ७ ला मधोमध आडवी रेघ मारतात, त्यामुळे आपला बिनरेघेचा ७ त्यांना १ वाटतो.

पत्रक बांधायची रीत साधी आहे, पण तिला वेळ लागतो. दीड तासाच्या सत्राला नऊ-दहा गणितं पुरतात. पहिली तीन प्रत्येकाला येतील अशी असावीत: ७ चे घात काढून शेवटचा अंक पाहा. तो ७, ९, ३, १ असा फिरतो, मग ७ च्या २०२७ व्या घाताचा शेवटचा अंक कोणता? (३, कारण २०२७ ला ४ ने भागून ३ उरतात.) मधली चार मुख्य कल्पनेकडे नेणारी: वर्गसंख्येला ४ ने भागल्यावर बाकी फक्त ० किंवा १ का येते? त्यावरून २०२७ ही दोन वर्गांची बेरीज होऊ शकत नाही, हे मुलांनाच दिसू द्यावं. शेवटची दोन-तीन त्या दिवशी सुटलीच पाहिजेत असं नाही, ती रात्री वसतिगृहात न्यायची असतात. नवखे लोक हमखास दोन चुका करतात. पाचव्या गणिताला लागणारी व्याख्या आठव्यात येते, किंवा पहिलंच गणित इतकं कठीण असतं की अर्धा वर्ग चाळीस मिनिटं गप्प बसतो. दोन्हीवर उपाय एकच. पत्रक द्यायच्या आदल्या रात्री ते स्वतः कोऱ्या कागदावर पहिल्यापासून सोडवावं. आपल्याला पंधरा मिनिटं लागली, तर मुलांना दीड तास लागेल असं धरावं.

व्हिसाची बाजू मात्र कोरडीच आहे आणि ती आधी पाहावी. अमेरिकेच्या बी-१ या अल्पमुदतीच्या कामकाजी भेटीच्या व्हिसावर शैक्षणिक मानधन घेता येतं, पण एका संस्थेत नऊ दिवसांपर्यंत आणि सहा महिन्यांत पाच संस्थांपर्यंतच. सहा आठवड्यांचं निवासी काम त्यात बसत नाही. त्यासाठी जे-१ हा देवाणघेवाण कार्यक्रमांचा व्हिसा हा मार्ग आहे. त्याची कागदपत्रं मान्यताप्राप्त प्रायोजकाकडून यावी लागतात आणि शिबिर-सहायक या गटाची मुदत जास्तीत जास्त चार महिने असते. अमेरिकेतच शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर विद्यापीठाबाहेरच्या शिबिरात पगारी काम करायचं तर आधी सीपीटीसारखी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची) परवानगी घ्यावी लागते. युरोपसाठी शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो आणि १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. मानधन मिळणार असेल, तर पर्यटक म्हणून अर्ज करू नये, त्या देशाचा कामाचा नियम निमंत्रण देणाऱ्या संस्थेलाच लेखी विचारावा. एप्रिल-मे म्हणजे पुण्यातून परदेशी सहलींना जाण्याचा हंगाम, तेव्हा व्हिसाच्या भेटीच्या तारखा मिळणं अवघड होतं.

फेलोशिप घेणाऱ्याने मार्गदर्शकाची आणि संस्थेची लेखी परवानगी अर्जाआधीच घ्यावी. तिकडच्या शाळा साधारण जून अखेरीपासून ऑगस्टच्या पूर्वार्धापर्यंत चालतात, आणि पुण्यातलं नवं सत्र त्याच आठवड्यांत सुरू होतं. ट्यूटोरियलची जबाबदारी कोण घेणार हे आधी ठरलेलं नसेल, तर निवड होऊनही जाणं राहून जातं.